घरच्या भट्टीवर हल्ली काय घडवलंत? (सोलापूर आणि आसपासचे)

ऐरणीवरचा

भट्टीबद्दलचे प्रश्न इकडंतिकडं विखुरलेले दिसतात, ते एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा. मोठं काही नको. उलथणं, खुंटी, खुरपं, चिमटा, काय केलं असेल ते टाका. माल कुठला होता, कसा तापवला आणि ती वस्तू आज कुणाच्या हातात आहे, एवढं जरूर लिहा. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू काही बोलत नाही. रोज वापरात असलेली मात्र कुठं जाड राहिली, कुठं बोचते, ते आठवड्याभरात सांगते.

सुरुवात माझ्यापासून. कडक भाकरीसाठी उलथणं केलं. दुकानात मिळणाऱ्याची कड जाड असते, त्यामुळं ते पातळ भाकरीखाली नीट शिरत नाही आणि भाकरीचा काठ मोडतो. मी २० बाय ५ मिलिमीटरची साधी माइल्ड स्टीलची पट्टी घेतली. याला पाणी द्यायचं (लाल तापवून, विझवून कडक करायचं) नसतं, धार टिकवायची नसते, तेव्हा पोलाद हवंच असं काही नाही. टोकाची चार बोटं जागा पिवळी होईपर्यंत तापवली आणि हातोड्याच्या निमुळत्या बाजूनं पसरवत नेली. इथं एक गोष्ट नव्या लोकांसाठी सांगतो. निमुळती बाजू पट्टीच्या लांबीला समांतर धरून मारली की लोखंड दोन्ही अंगांना पसरतं आणि पंखा तयार होतो. तीच आडवी धरली तर पट्टी नुसती लांब होत जाते. आधी मधोमध, मग डावीकडं, मग उजवीकडं असं मारत गेलं की पंखा एका बाजूला कलत नाही. कड १ मिलिमीटरपर्यंत आणली आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर किंचित वर वळवला. मागचं टोक ओढून बारीक केलं आणि त्याचा आकडा केला, म्हणजे भिंतीला अडकवता येतं.

काळा रंग टिकावा म्हणून तारेच्या ब्रशनं पपडी काढून टाकली, पुन्हा हलकं तापवलं आणि जवसाचं तेल पुसलं. तेल घाण्यावरचं खायचं घ्या. रंगाच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूचे क्षार घालतात, ते ताटात जाणाऱ्या वस्तूला नको.

उलथणं आईच्या हातात आहे. दांडा अजून दोन बोटं लांब हवा, असं तिचं म्हणणं आहे. पुढचं तसंच करणार.

भट्टी ट्रकच्या ब्रेक ड्रमची, खालून पाइप, त्याला छोटा ब्लोअर. कोळसा वेड्या बाभळीचा.

मोहोळचा_शेतकरी

धागा काढला ते बरं केलं. माझं खुरपं टाकतो.

माल म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तुटका कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी). गॅरेजवाले किलोवर देतात. पाटा ८ मिलिमीटर जाड होता, तो खुरप्याच्या पात्याएवढा पातळ करायला घण लागतोच, एकट्याचं काम न्हाई. पुतण्या घण मारायला होता. पातं झाल्यावर शेपूट ओढून काढली आणि काटकोनात वळवली. त्या वळणाला आतल्या बाजूनं थोडी गोलाई ठेवा. टोकदार कोपरा राहिला की खुरपं नेमकं तिथंच तुटतं, कारण सगळा जोर तिथं येतो.

आता ज्वारीच्या पेरण्या तोंडावर आल्यात, पुढं खुरपणीला हीच खुरपी लागणार. पण पाणी देण्यात माझा अजून गोंधळ होतो. कमानपाट्याला पाण्यात विझवायचं की तेलात? गावात दोघं दोन तऱ्हेनं सांगतात. जाणकारांनी सांगावं.

ताव

तुमचं खुरपं चांगलं उतरलंय, दादा. वळणाच्या गोलाईचं तर अगदी बरोबर.

माझी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात स्मिथीत गेली. आता घराच्या मागं छोटी भट्टी आहे. पाणी देण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यावर सगळ्यात जास्त अर्धवट ऐकलेलं फिरतं.

आपल्याकडच्या गाड्यांचा पाटा बहुतेक वेळा सिलिकॉन-मँगनीजचं पोलाद असतं. ईएन ४५ म्हणतात त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असतं. हे तेलात कडक होणारं पोलाद आहे. पाण्यात घातलं तर तेही कडक होतं, पण थंड होण्याचा झटका इतका जोराचा असतो की पातळ पातं वाकडं होतं नाहीतर तडकतं. जुने लोहार पाण्यात विझवायचे ते साध्या कार्बन पोलादाला, आणि तेही नुसती धार बुडवून. दोघांचंही बरोबर आहे, फक्त माल वेगळा आहे.

पाटा किती तापवायचा? चुंबक जवळ ठेवा. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला धरणं सोडतं. चुंबक सुटलं की त्याच्या पुढं अजून एक छटा वर जाऊ द्या आणि मग तेलात. हे काम उन्हात करू नका, रंग दिसत नाही. छपराखाली, सावलीत, शक्यतो संध्याकाळी करा. तेलासाठी वापरलेलं इंजिन ऑइल कुणीही सांगेल, मी नको म्हणतो. त्याचा धूर विषारी असतो, आत जळालेल्या धातूंचा गाळ असतो. आपल्या जिल्ह्यात करडईच्या तेलाला तोटा नाही. ते ५०-६० अंश कोमट करून घ्या, म्हणजे पातळ होतं आणि पात्याला चारी बाजूंनी लवकर भिडतं. पातं उभं बुडवा, वर-खाली हलवा, आडवं हलवू नका. झाकण हाताशी ठेवा. तेलानं पेट घेतला तर झाकण ठेवायचं, पाणी कधीच ओतायचं नाही.

एवढं झाल्यावर पातं काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून लगेच ताण उतरवायचा. पातं वाळू-कागदानं उजळ घासा आणि पाठीच्या बाजूनं सावकाश तापवा. आधी वाळल्या कडब्याचा फिकट पिवळा रंग चढेल, तो गडद होईल, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. स्वयंपाकघरातल्या सुरीला पिवळ्या-तपकिरीवर थांबा. खुरप्याला मात्र आपल्या मुरमाड रानात दर हाताला खडा लागतो, त्याला धारेवर निळा रंग येऊ द्या. धार थोडी लवकर जाईल, पण ती दगडावर घासून परत आणता येते. मोडलेलं खुरपं परत आणता येत नाही.

आणि विझवण्याच्या आधी, घडाई पूर्ण झाली की पातं चुंबक सोडेपर्यंत तापवून नुसतं हवेत थंड करायचं. असं तीनदा. घडाईच्या जास्त तावात पोलादाचे कण मोठे झालेले असतात, ते यानं पुन्हा बारीक होतात. वर्कशॉपात याला नॉर्मलायझिंग म्हणायचो. घाई असली की लोक हीच पायरी गाळतात.

मोहोळचा_शेतकरी

काका, लई उपकार झाले. हे छापून गोठ्यात लावतो. तुटक्या पाट्यात आधीपासनं चीर असली तर कशी ओळखायची?

ताव

चांगला प्रश्न. पाटा तुटतो तो थकून तुटतो, म्हणजे जिथं तुटला त्याच्या आजूबाजूला बारीक चिरा असण्याची शक्यता असते. तुटलेल्या टोकापासून हातभर तुकडा सोडूनच द्या. बाकीच्यासाठी जुनी रीत आहे. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल किंवा पातळ तेल लावून थोडा वेळ राहू द्या, मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून वर खडूची पूड भुरभुरवा. चिरेत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. आगगाडीचे अ‍ॅक्सल अशा तेल-खडूनं तपासायचे, अल्ट्रासोनिक यंत्रं येण्याच्या आधी.

धोटा

नमस्कार मंडळी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. आता पॉवरलूमचा कारखाना बंद आहे आणि शेड भंगारानं भरलंय. गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा, पट्ट्या, धोट्यांची (आडवा धागा नेणाऱ्या शटलची) लोखंडी टोकं, काय न्हाई ते हाय. यातलं काय भट्टीत घालण्यासारखं आहे? भंगारवाल्याला द्यायच्या आधी विचारतोय. वडिलांच्या हाताखालची यंत्रं आहेत, सगळीच वितळायला जाऊ नयेत असं वाटतं.

ऐरणीवरचा

थांबा, काही देऊ नका अजून!

गिअर आणि मागाच्या बाजूच्या मोठ्या चौकटी बहुतेक बिडाच्या असणार. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, ते ओतायचं लोखंड. लाल करून हातोडा मारला की त्याचे तुकडे पडतात, घडत नाही. पण बिडाची जाड सपाट चौकट असेल तर पट्टी सरळ करायला, आखणी करायला ती फार उपयोगी पडते. तशी एक ठेवा.

शाफ्ट बहुधा मध्यम कार्बनचा असतो, त्यातनं हातोडी, छिन्नीचे दांडे, सांडशी होईल. स्प्रिंगा सोनं आहेत. पट्टीच्या स्प्रिंगेतनं छोट्या सुऱ्या, गोल स्प्रिंग सरळ करून सुंबे (भोक पाडायचे पंच), छिन्न्या.

ओळखायची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे थोडे. कार्बन जास्त तशा ठिणग्या आखूड आणि टोकाला फुलबाजीगत भरपूर फुटणाऱ्या. बिडाच्या अगदी आखूड आणि मंद लाल. एक खिळा, एक जुनी कानस आणि एक बिडाचा तुकडा शेजारी ठेवून तुलना करा, डोळा लगेच बसतो. तरी खात्री म्हणून छोटा तुकडा तापवून तेलात विझवा आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवून बघा. वाकला तर मऊ, मोडला तर कडक होणारा. चष्मा घालून.

धोटा

धोट्याच्या टोकाला ठिणग्या चांगल्याच फुटल्या! आणि एक चपटी स्प्रिंग वाकवली तर सरळ परत येते. ही ठेवली.

आमचे पूर्वज तेलंगणातनं इथं मागावर आले. तिकडं निजामाबादकडं कोनासमुद्रम गाव आहे, तिथं मुशीत पोलाद करायचे असं आजोबा सांगायचे. त्यावर काही माहीत आहे का कुणाला?

ताव

आजोबांचं खरं आहे. कोनासमुद्रम हे वूट्झ पोलादाचं नावाजलेलं ठिकाण होतं. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारा लाकूडफाट्याचा भाग घालून तासन्‌तास तापवायचे आणि मग अतिशय सावकाश थंड करायचे. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या वड्या निघायच्या. त्या इराणपर्यंत जायच्या. दमास्कसच्या म्हणून ज्या नागमोडी रेषांच्या तलवारी गाजल्या, त्यांचं पोलाद दख्खन आणि दक्षिणेतनं गेलेलं. आजकाल दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून जी नक्षी काढतात तिलाही दमास्कस म्हणतात, पण ती रीत वेगळी. मुशीतल्या पोलादाची नक्षी आतून येते, कार्बाइडच्या बारीक ओळींची.

त्या मुशीच्या पोलादाला जास्त तापवून चालायचं नाही. लाल-केशरीच्या वर गेलं की चुरा व्हायचा. तापमापक नसताना नुसत्या रंगावर हे सांभाळणारी माणसं काय ताकदीची असतील!

झोपाळा

मी नवीन आहे, बहुतेक इथली पहिलीच बाई. जुळे सोलापूरला राहते, वरच्या मजल्यावर, गच्ची आमची. घडवलेल्या वस्तू: तीन खुंट्या, गच्चीवर मनीप्लँट टांगायला कोयरीच्या आकाराचा आकडा आणि झोपाळ्याच्या साखळीला एस आकाराच्या कड्या. झोपाळ्याच्या कड्यांसाठी १६ मिलिमीटरचा गोल बार घेतला. तो गरम असताना वळवला आणि सावकाश गार होऊ दिला. झोपाळा माणसांचं वजन घेतो, त्यामुळं या कड्यांना पाणी दिलं नाही. कडक कडी एका क्षणात तुटते, मऊ कडी आधी उघडू लागते आणि आपल्याला दिसतं.

दोन अडचणी आहेत. कोळशाचा धूर शेजाऱ्यांच्या वाळवणावर जातो, आणि ऐरणीचा आवाज. गॅसची भट्टी करावी का?

ऐरणीवरचा

ताई, स्वागत! कडी मऊ ठेवण्याचं कारण किती नेमकं लिहिलंत.

गॅस गच्चीसाठी उत्तम, धूर नाही. लोखंडी डबा किंवा पाइपचा तुकडा, आत सिरॅमिक वूलचे दोन थर आणि वरून रिफ्रॅक्टरी (आच सोसणाऱ्या) मातीचा लेप. लेप टाळू नका. त्या लोकरीचे तंतू उडतात आणि फुप्फुसात बसतात, लावताना मास्क हवाच. घरचा लाल सिलिंडर भट्टीला वापरायचा नाही, ते नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्या, हाय प्रेशर रेग्युलेटर आणि चांगली नळी. सिलिंडर भट्टीपासून लांब, उभा, सावलीत. आणि कितीही पाऊस आला तरी भट्टी खोलीत आणून दार लावायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रूळाजवळचा

आवाजाचं मी सांगतो. ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर आहे ना? तो ओंडका वाळू भरलेल्या डब्यात बसवा. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी घट्ट गुंडाळा आणि बुडाशी स्पीकरमधलं मोठं चुंबक चिकटवा. 'टंण्ण' जातं, 'ठक' राहतं. शेजाऱ्यांना भेटून वेळ ठरवली तर अजून चांगलं. आमच्याकडं सकाळी नऊ ते अकरा ठरलंय, कुणाची तक्रार नाही.

आता माझ्या ऐरणीबद्दल, कारण बरेच जण विचारतात. माझी ऐरण रुळाचा तुकडा आहे. सोलापूर रेल्वेचं गाव, भंगारात रूळ दिसतोच. पण तो उचलून आणू नका. रेल्वे मालमत्तेचा १९६६ चा कायदा आहे. रेल्वेचा माल बेकायदेशीर बाळगला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो कायदेशीररीत्या आला हे सिद्ध करणं ज्याच्याकडं सापडला त्याच्यावर येतं. रेल्वेच्या लिलावातनं घेतलेल्या भंगारवाल्याकडनंच घ्या, पक्की पावती घ्या आणि जपून ठेवा. माझी पावती लॅमिनेट करून भट्टीशेजारी लावली आहे.

रूळ ५२ किंवा ६० किलोचा असतो, म्हणजे एका मीटरचं वजन तेवढं. ५२ किलोवाल्याचा फूटभर तुकडा जवळपास १६ किलो भरतो. त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास, पोलाद अस्सल. लोक तो आडवा ठेवतात. मी उभा ठेवतो. आडवा ठेवला की हातोड्याखाली मधला पातळ गळा येतो आणि तुकडा उसळतो. उभा केला की सगळं वजन घावाच्या बरोबर खाली येतं. वरची जागा तळहाताएवढीच मिळते, पण हातोड्याचं तोंड तरी केवढं असतं? मी कड्या, खुंट्या, सुऱ्या सगळं त्यावर करतो. कडेला ग्राइंडरनं एक गोल आणि एक तीक्ष्ण कोपरा करून घेतलाय.

झोपाळा

उभा रूळ! हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद दादा. पावतीचंही लक्षात ठेवते.

नवा_घण

एक विचारायचं होतं. जी.आय. पाइपचे बरेच तुकडे पडलेत घरी. त्याचे मेणबत्तीचे स्टँड करावे म्हणतोय, तापवून वळवून. आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाला एक तलवार घडवून द्यायची इच्छा आहे, पाटा लांब मिळालाय.

ताव

पाइपबद्दल आधी, आणि हे मनावर घ्या. जी.आय. म्हणजे वर जस्ताचा थर. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या वर असते. पांढरा धूर निघतो, गोडसर चव लागते, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. जास्त गेला तर छातीला धोका. जस्त लावलेलं काहीही भट्टीत जाऊ देऊ नका. खिळे, बोल्ट, वॉशर, साखळीसुद्धा तपासून घ्या. साधा काळा पाइप घ्या, महाग नाही.

तलवारीचं नाही करू, बाळा. हत्यारांच्या नियमांत तलवार, खंजीर, भाला येतातच. शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचं नसेल तर परवाना लागतो. विळा, कोयता, कुऱ्हाड, विळी हे काम आहे, ते घडवायला कुणाची हरकत नाही. मंडळाला काही द्यायचंच असेल तर मशालीचा लोखंडी जाळीदार टोप करून द्या. पट्ट्या वळवून, रिबेट मारून. मिरवणुकीत तो सगळ्यांत उठून दिसेल आणि तुमच्या हाताला रिबेटाचं काम येईल.

नवा_घण

ठीक आहे काका. मशालीचा टोप करतो. पाइप परत बांधून ठेवला.

चटणीचं_उखळ

माझं काम लहान आहे, पण त्यानं मला फार आनंद दिला. आमच्याकडं शेंगाची चटणी अजून उखळात कांडतात. मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं फाटलं होतं. नवीन केलं.

लाकूड ६० मिलिमीटर व्यासाचं, पट्टी ६ मिलिमीटर जाड. पट्टी किती लांब कापायची हा खरा प्रश्न. कडं वळताना पट्टीची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणते, मधली रेघ तेवढीच राहते. म्हणून आतला व्यास अधिक एक जाडी, म्हणजे ६६, त्याला ३.१४ नं गुणलं. २०७ मिलिमीटर आले. सांध्यासाठी टोकं एकमेकांवर चढवायची म्हणून थोडं जादा ठेवलं. टोकं तिरकी ओढून घेतली, वळवली, टाकणखार (बोरॅक्स) शिंपडला आणि पांढुरक्या पिवळ्या रंगावर आणून हलक्या हातानं चटचट ठोकली. सांधा बसला की ठोकण्याचा आवाजच बदलतो, भरीव येतो.

मग कडं चढवणं. गार असताना लाकडावर बसू नये, जेमतेम अडावं. ६० मिलिमीटरचं कडं पाचशे अंश तापवलं तरी व्यासात वाढतं ते एक तृतीयांश मिलिमीटरच्या थोडं वर. तेवढ्यात सगळा खेळ. लाकूड कानसेनं घासत घासत त्या मापावर आणलं. मंद लाल कडं सांडशीनं ठेवलं, दोन ठोके, धूर आला, लगेच पाणी. आवळताना लाकूड करकरलं. आता घण लावूनही निघणार नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची ती हीच रीत, फक्त तिथं चाक मोठं म्हणून वाढ बोटभर मिळते.

पहिली चटणी त्याच मुसळानं झाली. आत्याबाईंनी डबा भरून दिला.

मोहोळचा_शेतकरी

व्वा! धाव चढवताना लहानपणी बघितलंय, गोवऱ्यांचा गोल जाळ करून. आकडा आज कळला.

सांध्याला टाकणखार नसेल तर?

चटणीचं_उखळ

बारीक स्वच्छ वाळू चालते साध्या लोखंडाला, जुने लोक तीच टाकायचे. पण तिला ताव जास्त लागतो. पोलादाला टाकणखारच बरा, कमी तावावर वितळून पपडी धुऊन नेतो. किराणा दुकानात किंवा सोनारी सामानवाल्याकडं मिळतो.

घणाखाली

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली असं वाटतं, म्हणून लिहितो. आपण हौशी. रस्त्याच्या कडेला पालं टाकून बसणारी घिसाडी मंडळी हे पोटासाठी करतात, आणि आपल्यापेक्षा कितीतरी सरस करतात. पेरणीच्या आधी आमच्या गावाला एक कुटुंब येतं. मी त्यांच्याजवळ बसून बघतो.

बाई घण मारते आणि पुरुष सांडशी धरून छोटी हातोडी चालवतो. तो बोलत नाही. छोट्या हातोडीनं जिथं टिचकी मारतो तिथंच पुढचा घण पडतो. टिचकी हलकी तर घण हलका, जोराची तर जोराचा. हातोडी ऐरणीवर रिकामी वाजली की घण थांबला. एका तावात कुऱ्हाडीचं तोंड चेपून सरळ करतात, दुसरा ताव लागत नाही. मी घरी पुतण्याबरोबर हीच खूण वापरायला लागलो आणि आमचं बोलणं निम्म्यावर आलं, काम दुप्पट झालं.

त्यांच्याकडून शिका, पण फुकट नको. मी शेतीची सगळी हत्यारं पाजवायला त्यांच्याकडंच देतो, घरी भट्टी असली तरी. सांगतील तो भाव, घासाघीस नाही. आणि आपण घडवलेलं खुरपं गावात पन्नास रुपयांना विकायला काढू नका. आपल्याला भाडं नाही, दुसरा पगार आहे. त्यांचा धंदा मोडेल.

ऐरणीवरचा

शंभर टक्के. धाग्याच्या पहिल्या प्रतिसादातच हे घालायला हवं. वर दुरुस्ती करून टाकतो.

झोपाळा

मलाही पटलं. माझी विळीची दुरुस्ती आहे, तिला मी काय करू मग? आईची विळी आहे, पातं झिजून अर्धं झालंय. जुन्या मोठ्या कानसेचं नवं पातं करायचा विचार होता.

घणाखाली

ताई, घरच्या विळीला कुणी अडवलंय! ती तुमचीच आहे. बिनधास्त करा.

ताव

कानस ही टक्काभर किंवा थोड्या जास्त कार्बनची, विळीला फार छान धार देते. पण आधी तिचे दात पूर्ण घासून काढा, तळाच्या खाचांसकट. खाच राहिली तर पाणी देताना चीर तिथूनच जाते. दात काढण्याआधी कानस लाल करून राखेत पुरा, रात्रभर. मऊ झाली की घासायला सोपं. चुना किंवा कोरडी राख, ओली नको.

बाक देताना गडद लालच्या खाली ठोकू नका आणि पिवळ्याच्या वर नेऊ नका. भोकं पाणी देण्याआधीच पाडा. नॉर्मलायझिंग तीनदा. मग कोमट करडई तेल. ताण उतरवायला तुमच्याकडं केक भाजायचा ओव्हन असेल तर तोच वापरा, २०० ते २२० अंश, तासभर, गार करून पुन्हा तासभर. रंगांवर अवलंबून राहायला नको, विळीचं पातं लांब असतं, रंग सगळीकडं सारखा धरणं अवघड जातं.

आणि पाटाला बसवायच्या भागाला, शेपटीकडं, पाणी देऊच नका. तो भाग तेलाबाहेर ठेवा. पाय ठेवून बसल्यावर जोर तिथं येतो.

झोपाळा

काका, सगळं वहीत उतरवलं. ओव्हन आहे. गॅसची भट्टी झाली की आधी हेच.

रूळाजवळचा

नवरात्रात एखाद्या रविवारी भेटायचं का सगळ्यांनी? माझ्याकडं जागा मोठी आहे, गंजी-गवत जवळ नाही, पाण्याचा नळ शेजारी. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतातच, त्याच्या आधी सगळ्यांची हातोड्यांची दांडी, सांडश्या नीट करून घेऊ. धोटा दादांनी शेडमधल्या स्प्रिंगा आणाव्यात, ठिणग्या बघून वाटून घेऊ.

कपडे सुती. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. चष्मा ज्याचा त्यानं आणायचा, बूट बंद.

धोटा

नक्की येतो. स्प्रिंगांचं एक पोतं आणि बिडाची एक सपाट चौकट, ऐरणीवरचा दादा म्हणाले तशी. टॉवेल पण आणतो घरचे सुती, हात पुसायला.

मोहोळचा_शेतकरी

मी करडईचं तेल आणतो, घाण्यावरचं, पाच लिटर. आणि विझवायला उभा डबा. काका, पाटा कितीचा आणू?

ताव

हातभर लांबीचे दोन आणा, ८ मिलिमीटरच्या आतले. जाड आणलात तर दिवसभर घणच मारत बसू. तुटलेलं टोक कापून आणा, रॉकेल आणि खडू मी आणतो. आधी तपासू, मग भट्टीत.